शालेय बस सुरक्षेचे पोस्टर : सोलापूरचे विद्यार्थी, पालक आणि कलाशिक्षक यांचे नेहमीचे प्रश्न

जानेवारीत रस्ता सुरक्षेचे उपक्रम आणि गड्ड्याची यात्रा साधारण एकाच सुमारास येतात. शाळेच्या फळ्यावर पोस्टर स्पर्धेची सूचना लागते आणि संध्याकाळी घरोघरी एकच प्रश्न असतो, "काय काढू?" उत्तर बहुधा मोबाईलवर शोधले जाते. एखादी छान पिवळी बस सापडते आणि ती जशीच्या तशी कागदावर उतरते. पण त्या बसचा रस्ता आपला नसतो आणि त्या रस्त्याचे नियमही आपले नसतात. म्हणून या पानावर दोनच गोष्टींचा आग्रह धरला आहे. पोस्टरने एकच कृती सांगावी, आणि ती होटगी रोडवरच्या किंवा जुळे सोलापुरातल्या आपल्याच थांब्यावर खरी ठरावी.

विषय केवढा मोठा आहे! पोस्टरवर नेमके काय घ्यायचे?

एक कृती घ्या, दोन नकोत. "सुरक्षित प्रवास करा" वाचून दुसरीतल्या मुलाला उद्या सकाळी थांब्यावर काय करायचे ते कळत नाही. "बस पूर्ण थांबेपर्यंत मागे उभा राहा" हे मात्र कळते. पुढच्यांपैकी एक निवडा: रस्त्याच्या कडेपासून लांब, रांगेत उभे राहणे; चढताना दांडी धरणे; हात आणि डोके खिडकीबाहेर न काढणे; बसखाली पडलेली वस्तू न उचलणे; बस निघून गेल्यावरच रस्ता ओलांडणे; ओढणीचे टोक किंवा दप्तराचा पट्टा दारात अडकू न देणे.

सहाही गोष्टी सहा चौकोनांत बसवल्या की तो तक्ता होतो. तक्ता वर्गाच्या भिंतीला चालतो, कारण तिथे तो वाचायला वेळ असतो. पोस्टर चालता चालता दिसते. त्याला दोन-तीन सेकंद मिळतात.

इंटरनेटवरचे बसचे चित्र पाहून काढले तर काय बिघडते?

बरेच काही बिघडते, आणि काढणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. शोधात वर येणारी बरीच चित्रे अमेरिकेतली असतात. तिकडे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून तिकडच्या बसचे दार उजवीकडे असते. आपण डावीकडून चालतो आणि आपल्या बसचे दार डावीकडे असते. ते चित्र आपल्या रस्त्यावर ठेवले तर मूल फुटपाथवर न उतरता रस्त्याच्या मधोमध, धावत्या वाहनांसमोर उतरताना दिसते. सुरक्षेच्या पोस्टरवरच अपघाताचे चित्र!

तपासायला सोपी खूण आहे. बाजूने बस काढली असेल आणि तिचे तोंड कागदाच्या डाव्या कडेकडे असेल, तर आपल्याला तिची डावी बाजू दिसते आणि मुलांचे दार दिसायलाच हवे. तोंड उजव्या कडेकडे असेल तर चालकाची बाजू दिसते. तिथे मुले चढता-उतरताना दाखवू नका. समोरून बस काढत असाल तर स्टिअरिंग बसच्या उजव्या अंगाला, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. त्या चित्रांत बसच्या अंगातून बाहेर आलेला लाल ‘थांबा’ फलक असतो आणि मूल बसच्या पुढून निर्धास्त रस्ता ओलांडत असते. अमेरिकेत असा फलक उघडला की साध्या दुपदरी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या वाहनांना कायद्याने थांबावे लागते. आपल्याकडे थांबलेली बस पाहून मागचा दुचाकीवाला थांबत नाही, उलट तो बसच्या बाजूने गाडी पुढे काढतो. बसच्या आडून निघालेले मूल त्याला दिसत नाही आणि तो मुलाला दिसत नाही. म्हणून आपल्या पोस्टरवरचा क्रम वेगळा हवा. उतरायचे, दोन पावले आत कडेला सरकून उभे राहायचे, बस निघून जाऊ द्यायची, रस्ता दोन्हीकडे मोकळा दिसला की उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहून मोठ्या माणसाचा हात धरून ओलांडायचे. आधी उजवीकडे का? आपल्या कडेला सर्वांत जवळून येणारे वाहन उजवीकडून येते म्हणून. बसमधल्या मावशी स्वतः हात धरून पलीकडे नेत असतील तर तेही चित्र उत्तम.

चालकाला मूल दिसत नाही म्हणजे काय? ते चित्रात कसे दाखवू?

सगळ्या विषयात पोस्टरसाठी याच्याइतका चांगला भाग दुसरा नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

मोठ्या बसच्या खिडकीची खालची कड जमिनीपासून साधारण दीड मीटरच्या वर असते. पहिली-दुसरीतले मूल ११० ते १२० सेंटिमीटरचे. ते बसला चिकटून उभे राहिले तर त्याचे डोकेही खिडकीच्या खाली राहते. चालक उंचावर, उजव्या कोपऱ्यात बसलेला. त्याची नजर काचेतून पुढे तिरपी जमिनीला टेकते तोवर बसच्या नाकासमोरची काही फुटांची जागा सुटलेली असते. पुढचा डावा कोपरा त्याला सर्वांत दूर, म्हणून तिथले चाक आणि दार हा आणखी धोक्याचा भाग. मागे तर आरशातही थेट पाठीमागचे दिसत नाही.

या सगळ्यावरून साधा नियम निघतो. बसच्या चारही बाजूंना सुमारे ३ मीटर, म्हणजे १० फूट, धोक्याची जागा समजायची. लहान मुलाची पाच मोठी पावले. पोस्टरसाठी बस वरून पाहिल्यासारखी काढा, एक लांबट पिवळा आयत, आणि भोवती लाल पट्टा. बस १५ सेंटिमीटर लांब काढली आणि ती खऱ्या १० मीटरच्या बससाठी असेल तर ३ मीटर म्हणजे साडेचार सेंटिमीटर. एवढा रुंद पट्टा सगळीकडून काढला की तो बसपेक्षाही मोठा दिसतो, आणि बघणारा थबकतो. मुद्दाम मापातच काढा. अंदाजाने काढलेला पट्टा नेहमी अरुंद होतो.

याच कल्पनेचा दुसरा प्रकार असा. बसच्या पुढच्या चाकाजवळ पडलेली पाण्याची बाटली, आणि तिच्याकडे झुकलेला एक हात. बाकी काही नाही. वाकलेल्या मुलाची उंची निम्म्यावर येते. उभे असताना जेमतेम दिसणारे मूल वाकल्यावर अजिबात दिसत नाही. खाली ओळ : "पडू दे. मावशींना सांग." हे चित्र पाचवीतल्या मुलालाही जमते.

डावीकडे वळताना मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, आतून, कडेच्या जवळून जाते. वळणावर कडेला पाय टाकून उभे राहू नये ते यासाठी. सातवीच्या पुढच्या मुलांनी हे दोन वक्र रेषांनी दाखवले तर छान दिसते.

बस बेढब होते. माप कसे धरायचे?

मोठी बस सुमारे १० ते ११ मीटर लांब आणि ३ मीटर उंच असते. म्हणजे कागदावर ३० सेंटिमीटर लांबीला उंची ८ ते ९ सेंटिमीटर. आपल्याकडे शाळांना मिनी बसही पुष्कळ असतात. त्या तुलनेने आखूड, त्यामुळे २४ सेंटिमीटर लांबीला ९ सेंटिमीटर उंची धरा. चाकाचा व्यास बसच्या उंचीच्या एक तृतीयांश. मुले चाके हमखास लहान काढतात आणि बस खेळण्यातली वाटू लागते. चाके अगदी दोन्ही टोकांना लावू नका. मोठ्या बसचे पुढचे चाक दाराच्या मागे असते आणि मागच्या चाकाच्या मागेही बराच भाग बाहेर असतो.

मूल बसच्या उंचीच्या चाळीस टक्क्यांहून मोठे काढू नका, निदान बसजवळ उभे असलेले तरी. मूल लहान दिसले की धोका आपोआप कळतो.

कोणता कागद, किती मोठा, आणि साहित्य काय लागेल?

सूचनेत आकार दिला असेल तर तोच पाळा. अर्धा इंच जास्त झाला तरी काही ठिकाणी पोस्टर बाद होते. आकार दिला नसेल तर हाफ इम्पीरियल, म्हणजे १५ × २२ इंच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलेल्या मुलांच्या हाताला ड्रॉइंग पेपरची ही मापे सवयीची असतात. लहान वर्गांना ए-३ पुरे, २९.७ × ४२ सेंटिमीटर.

कागद जाड घ्या, पातळ चार्ट पेपर पाण्याच्या रंगाने फुगतो. बाकी यादी लहान आहे : एचबी पेन्सिल, मऊ खोडरबर, ३० सेंटिमीटरची पट्टी, पोस्टर कलर (पिवळा, नारंगी, लाल, काळा, पांढरा एवढेच), १० मिलिमीटरचा एक चपटा ब्रश, ४ आणि १ नंबरचे दोन गोल ब्रश, दोन भांडी पाणी, जुने सुती कापड, मास्किंग टेप. सगळे नवी पेठेत किंवा शाळेजवळच्या स्टेशनरीत मिळते. पाण्याची भांडी दोन का? एक फक्त पिवळ्यासाठी. काळा ब्रश धुतलेल्या पाण्यात पिवळा ब्रश बुडला की बस शेवाळी हिरवी होते, आणि ती पुन्हा पिवळी होत नाही.

केवळ बस पिवळी रंगवायची असेल तर १० मिलीची एक बाटली रंगाच्या दोन हातांना (थरांना) पुरते. पार्श्वभूमीही पिवळी ठरवली तर तीन बाटल्या आणा.

स्कूल बस पिवळीच का असते? आणि तो पिवळा कसा जमवायचा?

१९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर यांनी शालेय बसचे मानक ठरवण्यासाठी परिषद भरवली होती. पहाटे-संध्याकाळच्या अंधूक उजेडात ज्यावर काळी अक्षरे सर्वांत ठळक दिसतात असा नारंगीकडे झुकणारा पिवळा तिथे निवडला गेला. भारतातही शालेय बससाठी सोनेरी पिवळा स्वीकारला आहे. हे कारण पोस्टरलाही लागू आहे. पिवळ्यावर काळे लिहा. लालवर काळे लांबून विरघळते आणि पांढऱ्यावर पिवळे दिसतच नाही.

रंगासाठी आठ भाग पिवळा, एक भाग नारंगी. हातात लेमन यलो असेल तर नारंगी थोडा वाढवा. आधी कागदाच्या तुकड्यावर लावून वाळू द्या, कारण वाळल्यावर छटा बदलते. लागेल तेवढा रंग एकदाच कालवा. संपल्यावर दुसऱ्यांदा कालवलेली छटा कधीच जुळत नाही आणि बसच्या अंगावर ठिगळ दिसते. सावलीच्या भागासाठी पिवळ्यात काळा घालू नका, तो हिरवट होतो. नारंगी किंवा किंचित तपकिरी घाला.

अक्षरे किती मोठी काढायची? ती नेहमी शेवटी कोंबली जातात.

कारण ती शेवटी काढली जातात. आधी अक्षरांची जागा आखा, मग चित्र.

मापाचा ठोकताळा असा, की ३ मीटरवरून सहज वाचण्यासाठी अक्षराची उंची निदान अडीच सेंटिमीटर हवी, ६ मीटरसाठी ५ सेंटिमीटर. ही उंची शिरोरेखेपासून अक्षराच्या पायापर्यंतची. देवनागरीत याशिवाय वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार असतात. ५ सेंटिमीटरच्या अक्षराला वर पावणेदोन आणि खाली दीड सेंटिमीटर जास्तीचे लागतात. म्हणून एका ओळीचा पट्टा साधारण सव्वाआठ सेंटिमीटर. मुले पट्टा ५ सेंटिमीटरचाच आखतात, मग वेलांटी वरच्या ओळीत घुसते.

उदाहरण घेऊ : "बस जाऊ दे, / मग ओलांड". उभ्या हाफ इम्पीरियल कागदाची रुंदी ३८ सेंटिमीटर, दोन्हीकडे दीड-दीड सेंटिमीटर समास सोडून ३५. अक्षर सरासरी उंचीइतकेच रुंद धरले तर ५ सेंटिमीटरची सात अक्षरे बसतात. पहिल्या ओळीत ब, स, जा, ऊ, दे अशी पाच अक्षरे आणि शब्दांमधल्या दोन मोकळ्या जागा. दुसरीत म, ग, ओ, लां, ड ही पाच आणि एक मोकळी जागा. दोन्ही ओळी बसल्या. शिवाय या शब्दांत खाली लोंबणारा उकार एकही नाही (‘ऊ’ हे स्वतंत्र अक्षर, ते ओळीतच बसते). म्हणून खालचा दीड सेंटिमीटर वाचतो आणि दुसरी ओळ वर सरकवता येते. घोषवाक्य निवडताना असे मोजून पाहा. दोन शब्दांमध्ये अडलात तर ज्यात वर-खाली गर्दी कमी तो घ्या.

शिरोरेखेची जाडी उंचीच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी, म्हणजे ५ सेंटिमीटरला ८ ते १० मिलिमीटर. १० मिलिमीटरचा चपटा ब्रश एका फटकाऱ्यात ती ओढतो. शब्द संपला की शिरोरेखा तोडा.

एक धोक्याची जागा सांगायलाच हवी. ध, भ आणि थ या अक्षरांवर शिरोरेखा सलग नसते, डाव्या बाजूला गाठ किंवा खाच असते. पट्टी ठेवून सगळ्या शब्दावर एकच रेघ मारली की ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’ आणि ‘थांबा’चे ‘यांबा’ होते. या विषयात ‘थांबा’ तर सगळ्यात मोठ्या अक्षरात येणारा शब्द.

घोषवाक्य यमकातच हवे का?

नाही. यमकासाठी अर्थ वाकवला जातो. बोलल्यासारखे, आज्ञेचे, पाच ते सात शब्दांचे वाक्य चालते. मुलांसाठी असेल तर ‘तू’, पालकांसाठी असेल तर ‘तुम्ही’. एकाच पोस्टरवर दोन्ही मिसळू नका. भीती घालणारे, रक्ताचे चित्र आणि तसले शब्द टाळा. लहान मुले असे चित्र पाहून मान फिरवतात, आणि ज्याच्यासाठी पोस्टर केले त्यानेच ते पाहिले नाही असे होते.

शुद्धलेखनात कोणत्या शब्दांवर गुण जातात?

सुरक्षित (‘क्षि’ ऱ्हस्व), विद्यार्थी (‘विध्यार्थी’ नव्हे), गतिरोधक, स्कूल. ‘वाहतूक’ दीर्घ, पण प्रत्यय लागला की ‘वाहतुकीचे’ ऱ्हस्व. ‘बसमधून’, ‘खिडकीबाहेर’ जोडून लिहायचे. रंग लावण्यापूर्वी पेन्सिलीतले वाक्य दुसऱ्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला सांगा. ज्याने लिहिले त्याला स्वतःची चूक दिसत नाही.

रंगवायचा क्रम काय? आणि रंग फाटतो, पसरतो, चिरतो तो का?

आधी पोस्टकार्डाएवढ्या आकारात चार कच्ची चित्रे काढा, पाच-पाच मिनिटांची. त्यातले एक निवडून मोठे करा. मोठे करायला चौकटी आखा. लहान चित्रावर २ सेंटिमीटरचे चौकोन, कागदावर ८ सेंटिमीटरचे, तेवढेच. चादरीचे डिझाईन आधी ग्राफच्या कागदावर चौकोन मोजून उतरवतात आणि मग जॅकार्डची (मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची) कार्डे पाडतात, त्याच जातीची ही रीत. ज्यांच्या घरी मागाशी संबंध आहे त्यांना चटकन समजेल.

पेन्सिल हलकी धरा. पिवळ्याखाली ग्रॅफाइटची गडद रेघ राहिली तर ती दिसतेच, शिवाय ओल्या ब्रशने पसरून रंग मळकट करते. क्रम फिक्यापासून गडदाकडे : पिवळा, नारंगी, लाल, आणि काळा सगळ्यात शेवटी. रंग पातळ दह्यासारखा असावा. फार पातळ असला तर कागद फुगतो आणि डाग पडतात. फार घट्ट असला तर वाळल्यावर चिरतो, आणि कागद गुंडाळताना पापुद्रे सुटतात. पिवळ्याचा एक हात पुरत नाही. पहिला हात आडवा, पूर्ण वाळल्यावर दुसरा उभा.

आपल्याकडच्या कोरड्या हवेत उन्हाळ्यात पहिला हात दहा मिनिटांत वाळतो, ही सोय. पण त्याच हवेने पॅलेटमधला रंगही आटतो. ओले कापड वर झाकून ठेवा आणि पंखा थेट पॅलेटवर नको. पावसाळ्यात उलट होते. बोटाच्या मागच्या बाजूने हात लावून पाहा. गार लागले तर अजून ओले आहे.

स्केचपेनने मोठा भाग भरू नका, पट्टे दिसतात आणि रंग उन्हात लवकर उडतो. खडूचे रंग घासले की काळ्याचे कण पिवळ्यावर जातात. सरळ कडेसाठी मास्किंग टेप लावला असेल तर रंग किंचित ओलसर असतानाच, सावकाश आणि तिरपा ओढून काढा.

दोन दिवस ठेवा. पहिल्या दिवशी कल्पना, आखणी आणि पिवळ्याचे दोन हात. दुसऱ्या दिवशी बाकी रंग आणि अक्षरे. आदल्या रात्री एका बैठकीत केलेल्या पोस्टरवर ओल्या अक्षरांना हात लागतोच.

आठवी ते दहावीच्या मुलांनी कायद्यातले नियम घ्यावेत का?

जरूर, पण त्यातही एकच. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये शालेय बसबाबत निर्देश दिले. बसवर पुढे-मागे ‘स्कूल बस’ लिहिलेले असणे, प्रथमोपचार पेटी, अग्निशामक, खिडक्यांना आडव्या सळया, दाराला भरवशाची कडी, शाळेचे नाव आणि फोन, दप्तरांसाठी जागा आणि बसमध्ये सहायक अशा गोष्टी त्यांत आहेत. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसचे स्वतंत्र नियम केले. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते आणि मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात. ही समिती पालकांपैकी पुष्कळांना ठाऊकच नसते. "आपल्या शाळेची परिवहन समिती कोणती? विचारा." हे पालकसभेच्या दिवशी लावायचे फार उपयोगी पोस्टर होईल.

नियम लिहिताना कलमांचे आकडे ऐकीव माहितीवर घालू नका. आकडा चुकला की सगळ्या पोस्टरवरचा विश्वास जातो.

आमच्याकडे स्कूल बस नाही. रिक्षाने किंवा एसटीने जातो. मग?

मग तेच काढा, विषयाच्या अगदी जवळ आहे. रिक्षात चालकाच्या शेजारी न बसणे, उजव्या बाजूने न उतरणे, दप्तर बाहेर न लटकवणे. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट भागातून एसटीने येणाऱ्यांसाठी चालत्या गाडीमागे न धावणे. गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. एवढे ओझे पटकन थांबत नाही. थांबलेल्या एसटीच्या आडून धावत निघालेल्या मुलाला ट्रॅक्टर उशिरा दिसतो. एसटी, तिच्या मागून येणारी उसाची ट्रॉली आणि मधोमध एक लहान दप्तर, एवढेच काढले तरी जिल्ह्यातल्या कुणालाही वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

तेलुगू, कन्नड किंवा उर्दूत ओळ घालावी का?

पोस्टर शाळेच्या फाटकावर लागणार असेल आणि न्यायला येणाऱ्या आजी-आजोबांनी ते वाचावे असे वाटत असेल, तर अवश्य. पूर्व भागात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड घरात बोलली जाते. मुख्य ओळ मराठीत मोठी, दुसरी भाषा तिच्या निम्म्या आकारात खाली. मोबाईलवरून उतरवू नका. वर्गात ती भाषा घरी बोलणारा मित्र असतो, त्याच्या घरच्यांकडून लिहून आणा. स्पर्धेत मात्र आधी परवानगी विचारा.

संगणकावर केले तर चालेल?

नियमात असेल तर चालेल. ए-३ साठी ३०० डीपीआयला ३५०८ × ४९६१ पिक्सेल घ्या. अक्षरांसाठी ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हे मोफत मिळणारे फॉन्ट ठळक आहेत. छापखान्यात फाईल उघडताच ‘क्ष’, ‘द्य’, रफार तुटतात, ही नेहमीची तक्रार. देण्याआधी मजकुराचे आऊटलाइनमध्ये रूपांतर करा किंवा पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करा, आणि छापण्यापूर्वी एक प्रत डोळ्यांनी तपासा. सोनेरी पिवळ्यासाठी छपाईच्या रंगांत पिवळा १०० आणि मॅजेंटा २५ टक्के, बाकी शून्य. एआयने बनवलेल्या चित्रात मराठी अक्षरे पुष्कळदा चुकीची येतात आणि बसचे दार पुन्हा उजवीकडे जाते, त्यामुळे त्यावर विसंबू नका.

बसवर नंबर, शाळेचे नाव लिहायचे का?

पाटीवर ‘एमएच १३’ लिहिले की बस सोलापूरची झाली. पुढचे आकडे मोकळे सोडा, कुणाच्या तरी खऱ्या गाडीचा नंबर यायला नको. खऱ्या मुलाचे नाव, इयत्ता, फोन चित्रात नको. स्वतःचे नाव सांगितले असेल तर कागदाच्या मागे. संपर्कासाठी ११२ (आपत्कालीन मदत), १०८ (रुग्णवाहिका), १०९८ (चाइल्ड हेल्पलाइन) यांपैकी एखादा पुरतो.

पालकांनी किती मदत करावी?

चित्राला हात लावू नये. मुलाबरोबर त्याच्या थांब्यावर दहा मिनिटे उभे राहावे. बस कुठे थांबते, दार कुठे उघडते, मागून दुचाक्या कशा येतात हे त्याला दाखवावे आणि तो काय पाहतो ते विचारावे. तिथे वहीत केलेल्या चार रेघा घरच्या मोबाईलपेक्षा जास्त कामाच्या ठरतात.

शाळेत नेताना आणि लावताना काय सांभाळायचे?

शक्यतो दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट न्या. गुंडाळावेच लागले तर रंगाची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा. आत ठेवली तर रंग दाबला जाऊन चुरतो. पोस्टर कलर पाण्याने सुटतो, म्हणून वर प्लॅस्टिकचे आवरण. लॅमिनेशन करायचे तर रंग एक रात्र वाळू द्या, नाहीतर आत वाफ धरते.

लहान मुलांसाठी लावताना पोस्टरचा मध्य जमिनीपासून ११० ते १२० सेंटिमीटरवर ठेवा, आपल्या नजरेच्या उंचीवर नको. फाटकाजवळ दुपारचे ऊन थेट पडत नाही अशी भिंत बघा. बसमध्ये लावायचे असेल तर काचेवर कधीही नको, चालकाला दिसणारी जागा आणखी कमी होते. चालकाच्या आसनामागची पार्टिशन ही योग्य जागा, मुले पूर्ण प्रवासभर तिकडेच तोंड करून बसलेली असतात. लावण्यापूर्वी चालककाकांना विचारा, आणि कोपरे चारही बाजूंनी टेपने बंद करा. सुटलेला कोपरा पहिल्याच गतिरोधकावर फडफडू लागतो आणि दोन दिवसांत कुणाच्या तरी हाताने फाटतो.